कोजिकीच्या पायावर कुमार-कादंबरी: जग कसं बांधायचं, नियम कुठून घ्यायचे

तांबडफुटी (धागाकर्ती)

१३ ते १७ वयाच्या वाचकांसाठी प्राचीन जपानी पुराणकथांवर बेतलेली अद्भुत कादंबरी मराठीत लिहायची तर सुरुवात कुठून करावी, यासाठी हा धागा. मंगा-अ‍ॅनिमे बघत वाढलेल्या मुलांना या जगाची ओढ आहे आणि लिहू पाहणारेही बरेच आहेत. पण मसुद्यांत बहुतेक वेळा सामुराई, निन्जा, नऊ शेपट्यांची कोल्हीण, लाल कमानींची रांग आणि कागदी ताईत एकाच पानावर नांदतात. यातलं काहीच मूळ पुराणकथांच्या थरातलं नाही. सामुराई शेकडो वर्षांनी आले. आपण ज्यांना योकाई, म्हणजे भूतं आणि चमत्कारिक प्राणी, म्हणून ओळखतो त्यातल्या अनेकांची रूपं तोरियामा सेकिएनच्या १७७६ पासूनच्या चित्रसंग्रहांनी पक्की केली. ते जग सुंदर आहे, पण ते एदो काळातलं शहरी जग आहे. त्यावर लिहायचं तर खुशाल लिहा, फक्त त्याला प्राचीन म्हणू नका.

म्हणून पहिलं काम थर ठरवण्याचं. मूळ आधार चार. कोजिकी, इ.स. ७१२, तीन खंड. हिएदा-नो-आरे यांनी मुखोद्गत ठेवलेलं ओ-नो-यासुमारो यांनी सम्राज्ञी गेन्मेईच्या आज्ञेवरून लिहून काढलं. कथा सलग हवी असेल तर हाच ग्रंथ. निहोन शोकी, इ.स. ७२०, तीस खंड, चिनी भाषेत. देवांच्या काळाच्या भागात एकाच घटनेच्या अनेक आवृत्त्या ‘एका लेखात असं म्हटलंय’ म्हणत शेजारी शेजारी दिल्या आहेत. लेखकासाठी हे घबाड आहे, कारण कुठली आवृत्ती खरी यावरच गोष्ट उभी राहू शकते. तिसरा इझुमो फुदोकी, इ.स. ७३३, एका प्रांताचं स्थानिक वर्णन. चौथा म्हणजे ९२७ साली पूर्ण झालेल्या एन्गिशिकी या दरबारी नियमसंग्रहाच्या आठव्या खंडातली २७ नोरितो, म्हणजे देवापुढे म्हणायची गद्य प्रार्थनावचनं. मंत्रासारखी भाषा हवी असेल तर तिची लय इथे सापडते.

थर ठरला की नियम, मग नायिका किंवा नायक, आणि कथानक सगळ्यात शेवटी. कथानक आधी रचलं की पुराणकथा नुसती सजावट होऊन बसते. जादूचे नियम, वस्तू, नावं, भूगोल यांवर नेमकं लिहा.

अक्षरवेल

नियमांपासून सुरू करते. कोजिकीत हातातून वीज सोडणारी जादू जवळजवळ नाही. सगळं बळ चार गोष्टींत आहे: उच्चारलेला शब्द, पाळलेली किंवा मोडलेली मनाई, मळ आणि त्याचं क्षालन, आणि वस्तू. हे चार नीट वापरले तर पाचव्या कशाची गरज पडत नाही.

शब्दाचं सर्वांत उपयोगी रूप म्हणजे उकेही. ‘माझं मन शुद्ध असेल तर असं घडो’ असं म्हणून कृती करायची आणि परिणामावरून निवाडा घ्यायचा. अट आधी उच्चारावी लागते. कोजिकीतली सुंदर भानगड इथेच आहे. सुसानोओ आकाशात येतो, त्याच्या बहिणीला, सूर्यदेवी अमातेरासुला, संशय येतो, दोघं उकेही करतात. ती त्याच्या तलवारीचे तीन तुकडे चावून फुंकते, तीन देवी जन्मतात. तो तिची मण्यांची माळ चावून फुंकतो, पाच देव जन्मतात. मग ती म्हणते, वस्तू ज्याची संतती त्याची, म्हणजे मुलगे माझे, मुली तुझ्या. तो लगेच म्हणतो, मला मुली झाल्या, माझं मन शुद्ध, मी जिंकलो! अट आधी कुणी ठरवलेलीच नव्हती. निहोन शोकीच्या मुख्य पाठात मात्र तो आधीच सांगतो की मुलगे झाले तर मन शुद्ध समज. दोन ग्रंथ, दोन उलटे निकाल. कादंबरीत न्यायनिवाड्याचा प्रसंग हवा असेल तर यापेक्षा चांगला साचा नाही: अट संदिग्ध ठेवा, निकाल येऊ द्या आणि अर्थावरून दोन कुळं फुटू द्या.

चुकीच्या शब्दाची किंमत राजपुत्र यामातो-ताकेरूच्या शेवटात दिसते. इबुकी डोंगरावर त्याला पांढरं रानडुक्कर भेटतं. हा देवाचा दूत असणार, परतताना मारीन, असं तो मोठ्याने बोलून जातो. तो दूत नसतो, स्वतः देव असतो. गारांचा मारा होतो, भ्रम पडतो, आणि त्यातून तो पुढे मरतो. शिवाय कुसानागी तलवार त्याने मियाझु-हिमेकडे ठेवलेली असते. शब्द चुकला आणि वस्तूही जवळ नाही. पराभवाची कारणं अशी दुहेरी बांधावीत, मग तो नुसता अपघात वाटत नाही.

मनाई म्हणजे मुख्यतः ‘पाहू नकोस’. मेलेली इझानामी योमीत, म्हणजे मृतांच्या देशात, नवरा इझानागीला सांगते, मला पाहू नकोस. समुद्रदेवाची मुलगी तोयोतामा-हिमे बाळंतपणाच्या झोपडीत सांगते, पाहू नकोस. दोघींचेही नवरे पाहतात. शिक्षा मृत्यूची नाही. रस्ता कायमचा बंद होतो. योमीची वाट प्रचंड शिळेने बंद होते, समुद्राची वाट तोयोतामा-हिमे स्वतः बंद करून जाते. नवख्या लेखनात मनाई मोडली की राक्षस येतो, लढाई होते, प्रकरण संपतं आणि नातं जसंच्या तसं राहतं. तिथे नियम वाया गेला. मनाई मोडल्यावर एक दार कादंबरीच्या शेवटापर्यंत उघडता कामा नये.

क्षालनाचा तपशील फार कमी जण वापरतात. योमीतून परतलेला इझानागी अंगावरची एकेक वस्तू टाकतो: काठी, कमरपट्टा, पिशवी, अंगरखा, विजार, शिरोभूषण, डाव्या हाताची कंकणं, उजव्या हाताची कंकणं. प्रत्येक टाकलेल्या वस्तूतून देव जन्मतो, एकूण बारा. मग पाण्यापाशी येऊन तो म्हणतो, वरचा प्रवाह फार वेगाचा, खालचा फार संथ, आणि मधल्या प्रवाहात बुडी मारतो. शेवटी डावा डोळा धुताना अमातेरासु, उजवा धुताना चंद्रदेव त्सुकुयोमी, नाक धुताना सुसानोओ. म्हणजे शुद्ध व्हायचं तर काहीतरी सोडावं लागतं, आणि सोडलेलं जगात जिवंत फिरत राहतं. तुमची नायिका नदीत उतरून एका ओळीत ‘शुद्ध’ होऊन बाहेर येत असेल तर थांबा. तिने काय टाकलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे लिहा.

झुंजुरका

उत्तम माहिती. हा मळ, म्हणजे केगारे, जन्माने येतो का? नायक अशुद्ध कुळातला असल्याने त्याला देवांच्या प्रांगणात प्रवेश नाही, असं कथानक डोक्यात आहे.

अक्षरवेल

या थरात तसं करू नका. कोजिकीतला मळ मृत्यू, रक्त, कुजणं यांच्या स्पर्शाने लागतो, कुणालाही लागतो, खुद्द इझानागीलाही, आणि पाण्याने, अर्पणाने, काळाने जातो. मराठी वाचकाच्या मनात विटाळ म्हटलं की जातीचा सगळा इतिहास जागा होतो. जन्मसिद्ध अशुद्धी दाखवली तर तो इतिहास तुम्ही भलत्या कथेवर लादाल. जपानमध्ये पुढच्या काळात वंशपरंपरागत भेदभाव झाला, तो खरा आणि गंभीर विषय आहे, पण त्याची कादंबरी वेगळी लिहावी लागेल.

मळाचं भय किती तीव्र आहे हे दाखवायचं असेल तर आकाशातून भूमीवर पाठवलेल्या आमे-वाकाहिको या देवाच्या अंत्यविधीचं प्रकरण वाचा. मृताचा मित्र, आजिशिकी-ताकाहिकोने नावाचा देव, भेटायला येतो. दोघं दिसायला सारखे, म्हणून आईबाप ‘आमचा मुलगा मेला नाही’ म्हणून त्याच्या हातापायांना बिलगतात. मेलेल्याशी आपली तुलना झाली म्हणून तो इतका भडकतो की अंत्यविधीची झोपडी तलवारीने कापून लाथेने उडवून देतो. त्याच विधीत पक्ष्यांना कामं वाटलेली आहेत: बगळ्याकडे केरसुणी, खंड्याकडे स्वयंपाक, चिमणीकडे कांडण. आठ दिवस, आठ रात्री. कुमार वाचकांसाठी लिहिणाऱ्याने हा प्रसंग सोडणं म्हणजे करंटेपणा.

पाणवठा

खलनायकाबद्दल. इझानामीला सैतान किंवा सुसानोओला अंधाराचा राजा करण्याचा मोह सगळ्यांना होतो. दोन्ही चूक. आकाशात सुसानोओ भातशेतीचे बांध फोडतो, पाट बुजवतो, नव्या अन्नाच्या सभागृहात घाण करतो, विणकामाच्या दालनाचं छप्पर फोडून सोललेला घोडा आत टाकतो. शिक्षा म्हणून हजार मेजांवर मावेल इतकी भरपाई, दाढी कापणं, नखं काढणं, हकालपट्टी. तोच इझुमोत उतरल्यावर आठ डोक्यांच्या ओरोची नागाला मारून कुशिनादा-हिमेला वाचवतो आणि नंतर ‘आठ ढग उठतात’ने सुरू होणारी ३१ अक्षरी कविता रचतो. देव तोच, ठिकाण बदललं.

याचं तंत्रात रूपांतर करायला आरामितामा आणि निगिमितामा ही जोडी घ्या: देवाचं रौद्र अंग आणि शांत अंग. विरोधक म्हणजे ज्याचं शांत अंग हरवलंय असा देव. मग शेवट त्याला ठार मारण्यात होत नाही, त्याला योग्य जागी बसवण्यात होतो. पुराणकथेत याचा नमुना आहे. भूमीचा स्वामी ओकुनिनुशी आकाशातल्या देवांसाठी भूमी सोडायला तयार होतो, पण अट घालतो: माझं निवासस्थान असं बांधा की खांब पाताळातल्या खडकापर्यंत आणि छपराच्या कात्र्या आकाशापर्यंत जातील. हरलेल्याने घातलेली अट पाळली जाते. इझुमोचं मंदिर एके काळी १६ जो, म्हणजे सुमारे ४८ मीटर उंच होतं अशी परंपरा सांगते. २००० साली मंदिराच्या आवारात तीन देवदार-खोडं एकत्र बांधून केलेल्या खांबांचे बुंधे सापडले, एकेक खोड सव्वा मीटरच्या वर. ते १३व्या शतकातल्या बांधणीचे मानतात, तरी इतक्या जाड खांबांवर उभं, लांब जिन्याचं उंच मंदिर कसं दिसेल याची कल्पना त्यावरून करता येते.

आपल्यासाठी खास सावधगिरी. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती आणि दाइकोकुतेन म्हणजे महाकाल, हे मराठी वाचकाला फार आवडतं आणि ते खरंही आहे. पण ही दैवतं बौद्ध धर्माबरोबर आली. बौद्ध धर्म जपानी दरबारात पोचल्याचं साल ५३८ किंवा ५५२ सांगतात, आणि दाइकोकुतेनची ओकुनिनुशीशी सांगड नंतरच्या काळातली. तुमची कथा पाचव्या शतकात घडत असेल तर कर्मफळ, नरक, यम, पुनर्जन्म यातलं काही तिथे नाही. योमीत न्यायनिवाडा होत नाही. चांगले-वाईट सगळे तिथेच जातात आणि कुजतात. इझानागी-इझानामी भाल्याने समुद्र ढवळतात त्या कथेत समुद्रमंथन शोधू नका. तिथे देव-दानव नाहीत, अमृत नाही; भाल्याच्या टोकावरून ठिबकलेलं खारट पाणी साचून बेट होतं, एवढंच.

तांबडफुटी

पाणवठा, ‘योग्य जागी बसवणं’ हा मुद्दा फार मोलाचा आहे. सगळ्या कादंबरीचा कणा तिथे आहे असं मला वाटतं.

काळाबद्दल माझं मत: पाचवं शतक घ्या, कोफुन काळ. त्या आधी घोडे नाहीत. तिसऱ्या शतकातलं वर्णन देणारा चिनी इतिहास तिथे गुरं-घोडे नसल्याचंच सांगतो. पाचव्या शतकात घोडे आहेत, कोरियन द्वीपकल्पातून लोखंड येतंय, उंच तापमानात भाजलेली करडी सुए भांडी आणि मातीची भिंतीलगतची चूल नुकतीच आलीय. किल्लीच्या भोकाच्या आकाराचे राजांचे थडगे-टेकाड उभे राहताहेत, साकाईमधलं सर्वांत मोठं जवळपास अर्धा किलोमीटर लांब. नवं तंत्र आणणारी परदेशी माणसं, जुनी कुळं, मधली मुलं: तरुण पात्रांना ताण आयता मिळतो.

रानमेवा

वस्तूंची यादी देतो. दर दोन-तीन प्रकरणांमागे एकदा तपासा.

घर: साध्या माणसाचं घर अर्धवट जमिनीत खणलेलं, वर गवताची शाकारणी. उंच खांबांवरच्या इमारती धान्यकोठाराच्या आणि प्रमुखाच्या. तातामी आणि सरकती कागदी दारं नाहीत. कागद बनवण्याचा उल्लेखच निहोन शोकीत ६१० सालचा आहे, त्यामुळे कागदी ताईत बाद. त्याऐवजी लाकडी किंवा गवती मानवाकृती वापरा. मळ तिच्यावर उतरवून पाण्यात सोडण्याची पद्धत विधींत आहे.

शस्त्र: वाकडी काताना नाही. तलवार सरळ, दुधारी किंवा एकधारी. सुसानोओ वापरतो ती ‘दहा मुठी लांब’. मूठ म्हणजे चार बोटांची रुंदी, साधारण आठ सेंटिमीटर धरली तर पातं ऐंशीच्या आसपास. १५ वर्षांच्या मुलीच्या हातात ते जड आणि लांब आहे हे मारामारी लिहिताना लक्षात ठेवा.

केस आणि कपडे: पुरुषांचे केस मधोमध भांग पाडून दोन्ही कानांशी वळलेले, त्याला मिझुरा म्हणतात. इझानागी याच केसांतली फणी मोडून तिच्या दाताची मशाल करतो. पुरुषांना आखूड अंगरखा आणि गुडघ्याखाली बांधलेली सैल विजार, बायकांना घागऱ्यासारखं वस्त्र आणि खांद्यावर लांब ओढणी. थडग्यांवरच्या हानिवा या मातीच्या मूर्तींची छायाचित्रं समोर ठेवून लिहा.

आरसा: काच नाही, काशाचा. साच्यात ओतून मागे नक्षी, पुढची बाजू घासून चकचकीत. घासणं थांबवलं की डाग चढतात. म्हणजे आरसा सांभाळणारी व्यक्ती हे खरंखुरं काम असलेलं पात्र होऊ शकतं.

मणी: स्वल्पविरामाच्या आकाराचे मागातामा. उत्तम हिरवा जेड आजच्या निइगातामधल्या इतोइगावा भागातला, म्हणजे जुन्या कोशी प्रांतातला. ओकुनिनुशी ज्या नुनाकावा-हिमेला मागणी घालायला जातो ती कोशीचीच. जेड इतका कठीण की वाळू-पाणी घालून दिवसचे दिवस घासावा लागतो. चिमूटभर मणी सहज विकत घेणारं पात्र खोटं वाटेल.

पैसा: नाणी नाहीत. वादो काइचिन हे नाणं ७०८ सालचं. देवघेव कापड, धान्य, मीठ, लोखंड यांत.

अन्न: भात, तळाला भोकं असलेल्या भांड्यात वाफवून किंवा पेज करून. राळे, चेस्टनट, मासे, समुद्री शेवाळ, मीठ. चहा, तोफू, सुशी, साखर नाही. मांजरही टाळा; कुत्रा आणि कोंबडा चालतील. काड्यांचा उल्लेख कोजिकीत आहे: नदीतून वाहत आलेली खाण्याची काडी बघून वर वस्ती आहे हे सुसानोओ ओळखतो.

झुंजुरका

कथानकासाठी मूळ कथांतला कुठला सांगाडा कुमारवयाला शोभेल? नायिका १५ वर्षांची धरली आहे.

अक्षरवेल

ओनामुजीचा, म्हणजे पुढे ओकुनिनुशी होणाऱ्या तरुणाचा, ने-नो-कुनीतला, म्हणजे मुळांच्या देशातला, प्रवास. ऐंशी भाऊ त्याला सामान उचलायला लावतात, दोनदा जीव घेतात. एकदा डोंगरावरून तापलेला दगड रानडुक्कर म्हणून लोटतात. तेव्हा शिंपल्यांच्या दोन देवी, किसागाई-हिमे आणि उमुगी-हिमे, लेप लावून त्याला उठवतात. शेवटी तो पळून मुळांच्या देशात सुसानोओकडे जातो आणि तिथे त्याची मुलगी सुसेरीबिमे भेटते. पुढचा क्रम असा: पहिल्या रात्री सापांची खोली, सुसेरीबिमे ओढणी देते, तीन वेळा हलवायची. दुसऱ्या रात्री गोमा आणि गांधीलमाश्या, वेगळी ओढणी. मग माळावर सोडलेला शीळ घालणारा बाण आणायला पाठवून चहूबाजूंनी वणवा. तिथे उंदीर येऊन सांगतो, ‘आत पोकळ पोकळ, बाहेर अरुंद अरुंद’, तो जमिनीवर पाय आपटतो, खाली भोक असतं, आग वरून निघून जाते. बाणही उंदीरच आणून देतो, पिसं उंदराच्या पिल्लांनी कुरतडलेली. मग सासऱ्याच्या डोक्यातल्या उवा काढायच्या, पण तिथे गोमा. सुसेरीबिमे मुकूची फळं आणि तांबडी माती देते, ती चावून थुंकत राहिलं की गोमाच चावतोय असं वाटतं. सुसानोओ झोपतो. त्याचे केस वाशांना बांधायचे, पाचशे माणसांनी ओढावी अशी शिळा दाराला लावायची, आणि सुसेरीबिमे, तलवार, धनुष्यबाण, कोतो हे तंतुवाद्य घेऊन पळायचं. कोतो झाडाला घासते, जमीन दुमदुमते, म्हातारा उठतो. योमोत्सु हिरासाकापर्यंत, म्हणजे योमीच्या सीमेवरच्या चढापर्यंत, येऊन लांबून ओरडतो ते मात्र शाप नाही, अधिकारदान आहे: माझ्या शस्त्रांनी भावांना हाकल, भूमीचा स्वामी हो, माझ्या मुलीला पट्टराणी कर.

बघा, प्रत्येक वेळी मार्ग सुसेरीबिमे किंवा एखादा लहान जीव दाखवतो. नायिका हवी असेल तर कॅमेरा तिच्याकडे फिरवा. बापाच्या घरातल्या ओढण्यांचा वापर तिला ठाऊक आहे, एकेक ओढणी बाहेर दिली की घरातला एकेक पहारा उठतो, आणि तिला बाप आवडतोही. एवढ्यावर कादंबरी उभी राहते.

इथे हमखास बिघडतं ते असं: चारही कसोट्या सारख्या वजनाने लिहिल्या जातात आणि तिसरीपर्यंत वाचक कंटाळतो. सापांची रात्र प्रत्यक्ष दाखवा. गोमांची रात्र अर्ध्या पानात उरका. वणव्याला पूर्ण प्रकरण द्या, कारण तिथे ओढणी नाही आणि सुसेरीबिमे त्याच्या अंत्यविधीचं सामान घेऊन रडत येते. उवांचा प्रसंग गमतीदार आणि भीतिदायक दोन्ही असावा, बाप-मुलगी-जावई एकाच खोलीत. एकूण ४५ हजार शब्दांची कादंबरी धरली तर मुळांच्या देशाला १८ हजारांवर देऊ नका. परतल्यावरचं राज्य, भाऊ आणि भूमी सोडण्याची मागणी यांना जागा लागते.

ओंजळ

वयाला जड जाणाऱ्या भागांचं काय करायचं? ओगेत्सु-हिमेचा वध, भावंडांचं लग्न, उझुमेचं नृत्य.

पाणवठा

अन्नदेवी ओगेत्सु-हिमे जरूर ठेवा. ती नाक, तोंड आणि गुदद्वारातून अन्न काढून वाढते, सुसानोओ ते पाहतो, किळसून तिला मारतो, आणि तिच्या देहातून पिकं उगवतात: डोक्यातून रेशीमकिडे, डोळ्यांतून भात, कानांतून राळे, नाकातून लाल चवळीसारखे दाणे. उरलेली दोन ठिकाणं लहानांसाठी गाळली तरी कथा टिकते. निहोन शोकीत हीच हत्या त्सुकुयोमी करतो, मरणारी उकेमोची असते, आणि त्यामुळे सूर्य त्याचं तोंड पाहत नाही, म्हणून दिवस-रात्र वेगळे. कादंबरीत दोन गावांनी दोन वेगळ्या देवांना दोष देणं, असं ते थेट वापरता येतं.

अमातेरासु गुहेत लपते आणि जग अंधारतं तेव्हा गुहेसमोर उझुमे देवी उलट्या टबवर पाय आपटून नाचते, वस्त्र सुटतं, ऐंशी लाख देव हसतात. १३ वर्षांच्या वाचकासाठीही ते लिहिता येतं, जर भर हसण्यावर आणि आवाजावर ठेवला. अमातेरासुला बाहेर काढतं ते हसू. तिची उत्सुकता चाळवते, दार किंचित उघडतं, आरसा पुढे केला जातो, ताजिकाराओ हात धरून ओढतो आणि फुतोतामा मागे दोर ताणतो. त्या झाडाची मांडणीही नेमकी ठेवा: कागुयामा डोंगरावरून मुळासकट उपटलेलं साकाकी हे सदाहरित झाड, वरच्या फांद्यांवर मण्यांची माळ, मधल्या फांद्यांवर आरसा, खालच्या फांद्यांवर पांढरं आणि निळसर कापड. अंधार ग्रहणासारखा पाच-सात मिनिटांचा नको. कोजिकीत ‘सतत रात्र’ आहे. लावणीच्या आधी अंधार पडला तर रोपं पिवळी पडतील, कोंबडे वेळ विसरतील, मीठ वाळणार नाही. गोष्ट या परिणामांतून सांगा.

विणकामाच्या दालनात दगावलेली मुलगी कोजिकीत बिननावाची आहे, निहोन शोकीच्या एका आवृत्तीत तिला वाकाहिरुमे म्हटलंय. तिला झालेल्या इजेचा तपशील मुलांसाठी गाळा, मृत्यू मात्र गाळू नका. तिच्या शेजारच्या मागावर बसणारी मैत्रीण ही कुमार-कादंबरीची नायिका होऊ शकते. माग कमरपट्ट्याचा, ताणा शरीराच्या वजनाने ताणलेला. छप्पर फुटल्यावर तिला पटकन उठताच येत नाही, कारण ती मागाला बांधलेली आहे.

झुंजुरका

हे शेवटचं वाक्य वाचून कथानक बदललं! मागावरची मैत्रीणच घेणार.

ओंजळ

नावांबद्दल थोडं. देवांची पूर्ण नावं पहिल्यांदा एकदाच, पुढे लहान रूप. अमातेरासुचा नातू निनिगी याचं पूर्ण नाव एका ओळीत मावत नाही. ‘मिकोतो’ ही आदराची जोड फक्त समोरासमोरच्या संवादात ठेवा. कानाला सारखी वाटणारी नावं जवळ ठेवू नका. इझानागी-इझानामी टळत नाहीत, पण तामायोरी आणि तोयोतामा एकाच प्रसंगात आणले तर वाचक हरवतो. पहिल्या तृतीयांशात नाव असलेली पात्रं बारावर जाऊ देऊ नका.

नवी नावं रचताना ‘हिमे’ आणि ‘हिको’ जोडून वनस्पती, जागा, काम यांतून बनवा. मुलीचं नाव ‘को’ने संपवण्याची आजची सवय या काळाला लागू नाही, ६०७ साली चीनला गेलेले दूत ओनो-नो-इमोको पुरुष होते. शुद्धलेखन एकदा ठरवून तक्ता करा: त्सु, झ, दीर्घ ओ कसा लिहायचा. सुसानोओ आणि सुसानो दोन्ही एकाच पुस्तकात आले की संपादकाचा जीव जातो.

रानमेवा

भूगोल. इझुमो म्हणजे आजच्या शिमानेचा पूर्व भाग. हीई नदी, इनासा किनारा आणि योमोत्सु हिरासाका म्हणून दाखवला जाणारा चढ, सगळं तिथे. कोजिकीच त्या चढाला इझुमोतला इफुया-झाका म्हणते. ओकुनिनुशीचा मुलगा ताकेमिनाकाता आकाशाच्या दूताशी झालेल्या झुंजीत हरल्यावर पळतो तो आजच्या नागानोतल्या सुवापर्यंत, सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या वर. दिवसाला वीस किलोमीटर धरले आणि डोंगर मध्ये घेतले तर महिन्याभराची वाट. ‘दुसऱ्या दिवशी सुवाला पोचला’ असं माणसाबद्दल लिहू नका. देवाबद्दल लिहिलं तर तो कसा गेला ते सांगा.

इझुमो फुदोकीत ओरोचीच्या वधाची कथाच नाही. दरबारी ग्रंथांतली इझुमोची सर्वांत गाजलेली गोष्ट इझुमोच्या स्वतःच्या ग्रंथात सापडत नाही. तिथे आहे ती भूमी ओढण्याची कथा: यात्सुकामिझु-ओमित्सुनो देव समुद्रापलीकडच्या शिरागीपासून, म्हणजे कोरियातल्या सिल्लापासून, आणि कोशीपासूनही, जमिनीचे तुकडे कापून दोरांनी ओढत आणतो, दोर बांधायच्या खुंट्या म्हणजे आजचे सानबे आणि दाइसेन डोंगर, आणि दोर म्हणजे दोन लांब वाळूचे किनारे. नकाशावर बघा, युमिगाहामा खरंच ताणलेल्या दोरासारखा दिसतो. तुमच्या कादंबरीत दरबाराचा कथेकरी इझुमोत येऊन ओरोचीची गोष्ट सांगतो आणि गावातली म्हातारी म्हणते ‘हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही’, इतका संघर्ष पुरेसा आहे.

ओरोची लिहिणारच असाल तर मूळ वर्णन वापरा: डोळे पिकलेल्या लाल फळांसारखे, अंगावर शेवाळ, देवदार आणि सायप्रस उगवलेले, लांबी आठ दऱ्या आणि आठ शिखरं, पोट कायम रक्ताळलेलं. लोहवाळूने लाल झालेली, पूर आणणारी नदी म्हणून त्याकडे पाहणारे अभ्यासक आहेत. मद्य आठ वेळा गाळलेलं, कुंपणाला आठ दारं, प्रत्येक दाराशी एक मंच आणि एक पिंप. लढाईआधीची ही तयारी दोन पानं लिहा, लढाई अर्धं पान. मूळ ग्रंथातही प्रमाण असंच आहे: नाग पितो, झोपतो, कापला जातो, आणि शेपटीत पातं अडखळतं.

झुंजुरका

शेवटचा प्रश्न. विणकाम-दालनाची मैत्रीण आकाशातली आहे. तिला खाली इझुमोत कसं आणायचं? दूत म्हणून पाठवलं तर?

अक्षरवेल

दूतच करा, त्याला आधार आहे. आकाशातून आधी आमे-नो-होही गेला, तीन वर्षं निरोप नाही. मग आमे-वाकाहिको गेला, शितातेरू-हिमेशी लग्न केलं, आठ वर्षं निरोप नाही. चौकशीला पाठवलेल्या नाकिमे नावाच्या पक्षिणीला त्याने बाण मारला. बाण तिच्यातून आरपार आकाशात गेला, आणि आकाशातल्या ताकामिमुसुबी या ज्येष्ठ देवाने त्यावर उकेही केली: वाकाहिकोच्या मनात कपट असेल तर हा त्याला लागो. लागला, पहाटेच्या अंथरुणात.

तुमची मुलगी या दोघांच्या मधल्या काळात पाठवा. तिच्यापुढे बेपत्ता दूताचं उदाहरण आहे आणि तिच्यानंतर येणाऱ्याचा शेवट वाचकाला कळणार आहे. जाताना तिच्याकडे दालनातली एकच वस्तू असू द्या, मेलेल्या मैत्रिणीचा धोटा. तो मृत्यूच्या जागेवरून आलेला, म्हणजे मळ लागलेला. आकाशाच्या दारावर तो टाकून दे असं सांगतील. तिने टाकला तर त्यातून काहीतरी जन्मेल, लपवून नेला तर खाली उतरल्यावर तिच्या प्रत्येक उकेहीचा निकाल संशयास्पद ठरेल. दुसरा पर्याय घ्या, कथानक त्यात जास्त लांब चालतं. तिची पहिली उकेही तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात, अट स्पष्ट उच्चारून, आणि निकाल तिच्या विरुद्ध.